बाहेरून लावलेलं कुलूप

आमच्या सोसायटीत भूकंपाची तयारी ठेवणारं माणूस एकच, माझी आई. उलव्यात सातव्या मजल्यावर राहायला आलो त्याच दिवशी तिने दाराशी चपला, बॅटरी आणि गूळ-फुटाण्यांची पिशवी मांडली. सोसायटीने एकदा सराव ठेवला, तर खाली उतरले कोण? आई आणि वॉचमन. बाकीच्यांना टेन्शन पार्किंगचं. मीही हसायचे. दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून पिणारच, म्हणायचे. मी वसतिगृहात असताना गावी भूकंपात आमच्या घराचं मातीचं माळवद खाली बसलं, धाकटा भाऊ त्याखाली गेला. त्या पहाटेबद्दल आई कधी बोलली नव्हती.

जवळच्या खदानीत सुरुंग उडाले की आमची तावदानं थरथरत. शेजारी टीव्हीवरची नजरसुद्धा काढत नसत. आई मात्र गुडघे धरत सात मजले उतरायची. दोनदा जिन्यात पडली. कितीही समजावलं तरी ऐकेना, तेव्हा मी चिडून ऑफिसला जाताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावू लागले. मला वाटायचं, मी तिला जपतेय.

एका दुपारी ऑफिसात असताना ग्रुपवर मेसेज आला, 'आज सुरुंग जोरात लावला काय?' पाठोपाठ दुसरा, 'सुरुंग नाय, भूकंप हाय. सगळे खाली या.' किल्ली माझ्या पर्समध्ये होती. आई फोन उचलेना. शेजारणीला लावला, तर ती रडकुंडीला आलेली.

"आतून दार ठोकतायत गं त्या! पण कुलूप हाय, आमी काय करू?"

रिक्षात मी देवाला शिव्या घातल्या, मग त्याचेच पाय धरले. लिफ्ट बंद होती. सात मजले कशी चढले, ठाऊक नाही. कुलूप काढून दार ढकललं.

इमारतीचा टवकाही उडाला नव्हता. आई दारामागे जमिनीवर बसली होती. पायात चपला, मांडीवर पिशवी, बोटांची सालं निघालेली. मी तिच्या पायांवर कोसळले.

"आई, चुकले गं मी."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"त्या पहाटं परसाकडं जाताना म्या बी भायेरून कडी घातली व्हती. लेकरू मागं येऊ नये म्हनून." मग सोललेल्या बोटांकडे बघत म्हणाली, "किती ठोकलं असंल गं त्यानं?"