याहींचे औषध

नाना गेले त्या सकाळी त्यांनी शेजाऱ्याच्या फाटकाच्या बिजागऱ्यांवर फवारा मारला, हात धुतले, चहा घेतला आणि ओसरीतल्या झोक्यावर जाऊन बसले. झोका केव्हा थांबला हे घरात कुणालाही कळले नाही. त्याच्या कड्या वाजत असत्या तर कळले असते. पण नानांच्या घरात कोणतीच कडी वाजत नसे. अर्ध्या तासाने माझी मुलगी वैशाली त्यांना न्याहारीला बोलवायला गेली... मग तिने मला अमळनेरला फोन केला. "आबा, नाना गेले." मी "निघतो" म्हणालो आणि धुळ्याची बस धरली. त्याला आता पाच आठवडे झाले.

नाना म्हणजे वैशालीचे सासरे. आमच्या खानदेशात व्याह्याला याही म्हणतात. ते मला अखेरपर्यंत याहीच म्हणत आले. एसटीच्या कार्यशाळेत त्यांनी चौतीस वर्षे नट आवळले आणि सोडवले. मी अमळनेरच्या एका तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत तेल तपासत निवृत्त झालो. दोघांचाही जन्म तेलात गेला, पण त्याविषयी आमचे एकमत कधी झाले नाही. माझ्या मते बिजागरीला पिसाने सोडलेला एरंडेलाचा एक थेंब पुरतो. नानांच्या मते जगातील प्रत्येक अडचणीवर एकच उपाय होता : बाजारात मिळणारा, लाल नळीचा, दाबला की फुसकन उडणारा वंगणाचा डबा. ते कापसावर फवारणी करणाऱ्या घरात वाढले होते. फवारायचे ते औषध, ही भाषा तिथली. "औषध मारू का?" असे त्यांनी प्रसन्न चेहऱ्याने विचारले की नवख्या माणसाला धडकी भरत असे.

आमची पहिली भेट सुपारी फोडण्याच्या दिवशी माझ्या घरी झाली. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसली होती. पाहुण्यांचे टॉवेल-टोपी काढण्यासाठी मी लोखंडी कपाट उघडले आणि ते करकरले. नाना उठले, कापडी पिशवीतून डबा काढला आणि कुणाला काही न विचारता तिन्ही बिजागऱ्यांना नळी लावून मोकळे झाले. मुलाच्या बापाने मुलीच्या घरचे कपाट दुरुस्त करावे, हा मला सरळ अपमान वाटला. "हे काय?" मी विचारले. "दार बोली राह्यनं, याही," ते म्हणाले. "म्हटलं, सुपारीआधी त्यानं काय म्हननं शे ते आयकी घेऊ." सगळे हसले. मी हसलो नाही. कपाट वर्षभर करकरले नाही, हे मात्र नोंदवले पाहिजे. पुढील वर्षी करकरण्याआधीच ते पुन्हा डबा घेऊन आले.

लग्नाच्या दिवशी वरपिता सापडेना. मानाच्या खुर्चीवर नुसते उपरणे होते. शोधत मागच्या खोलीत गेलो, तर नाना बायकांच्या घोळक्यात मांडी घालून बसलेले. आम्ही दिलेल्या स्टीलच्या भांड्यांवरच्या कागदी चिकट्या निघत नव्हत्या. खरवडून खरवडून बायकांची नखे दुखू लागली होती. नाना प्रत्येक चिकटीवर एक फवारा मारीत, पाच मिनिटे थांबत आणि फडक्याने ती अलगद पुसून घेत. त्यांच्यासमोर तीस-चाळीस डबे चकाकत होते. "नाना, मुहूर्त टळेल!" बाहेरून कुणीतरी ओरडले. "टळू दे! सून उद्या डबा घासाले बसनी तर माले शिव्या दी!" मी तिथेच बजावले की ही भांडी सोड्याने धुतल्याशिवाय त्यांत दाणाही ठेवायचा नाही, हे द्रव्य पोटात जाता कामा नये. नानांनी कान पकडले. अक्षता पडल्या तेव्हा त्यांच्या अंगाला अत्तराऐवजी कार्यशाळेचा वास येत होता.

पुढे हा डबा मला किती ठिकाणी भेटला ते सांगून संपणार नाही. बॅगेची अडकलेली चेन, एकमेकांत रुतून बसलेले दोन पेले, शेजारच्या मुलांनी भिंतीवर ओढलेल्या मेणाच्या रेघा, चपलेच्या तळाला बसलेले डांबर... रावेरला एका नातलगाच्या केळीच्या बागेत माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर घडाचा चीक उडाला. केळीचा चीक कापडाला जन्माचा डाग देतो. नानांनी मला हलूही न देता, सदरा अंगावर असतानाच औषध मारले आणि बागेच्या नळावर साबणाने चोळून डाग घालवला. केळी उतरवणारे मजूर काम थांबवून पाहत राहिले. रॉकेलनेही हा चीक निघतो आणि त्या डब्यात रॉकेलचाच कुणी भाऊबंद असतो, असे मी सांगितले. "मंग भाऊबंदले मान देवाले जोयजे का नको?" नाना म्हणाले. त्या दिवशी मी हसलो असे वैशाली म्हणते. मला आठवत नाही.

त्यांचे अपयशही ठसठशीत असे. एकदा होळीनंतर कूलर काढला तर पंखा जाम. नानांनी अर्धा डबा मोटरीवर रिकामा केला. पंखा फिरला, पण आठ दिवस घरात एसटी उभी असल्यासारखा वास दरवळत होता. "तिकीट काढा, तिकीट!" असे म्हणत ते स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याचे स्वागत करीत.

अशा घरात एकच गोष्ट अडून राहिली होती, आणि ती मी अडवलेली होती. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचे पाणी पिऊ नये, असा आमच्याकडे जुना रिवाज आहे. माझ्या वडिलांनी तो पाळला, मीही पाळला. धुळ्याला जाताना मी फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या अमळनेरच्या पाण्याने भरून नेत असे. वैशालीला मूल झाले नाही. एक वर्ष, तीन वर्षे, सात वर्षे. मी गेलो की ती रिवाज ठाऊक असूनही भरलेला पेला माझ्यापुढे ठेवी. मी तांब्याचे झाकण फिरवून माझे पाणी पीत असे आणि तिचा पेला तसाच आत जाई. मला वाटे, मी नियम पाळतो आहे. माझ्या प्रत्येक घोटाबरोबर तिला काय सांगितले जात होते, याचा विचार मी केला नाही. तिची आई लग्नाआधीच वारली होती. हे मला सांगणारे माझ्या घरात कुणी नव्हते.

त्या वर्षी वैशाखात मी भर दुपारी धुळ्याला पोहोचलो. घसा कोरडा पडला होता. नानांनी दारातच माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेली. मी पायांवर पाणी घेऊन टेकेपर्यंत त्यांनी तांब्या आणून समोर ठेवला. मी झाकण फिरवले. हलेना. रुमाल गुंडाळून फिरवले, तांब्या गुडघ्यांत धरून फिरवले. नाना झोक्यावरून पाहत होते. सात वर्षांत मी त्यांच्याकडे जे कधी मागितले नव्हते ते शेवटी मागितले.

"नाना, तुमचे औषध आणा."

"पानी पेवानं भांडं शे ना ते, याही?"

"हो."

"मंग नही. तुम्हीच सांगेल शे, औषध पोटमा जावाले नको."

"मग मी काय करू?"

"घरमा दुसरं पानी शे."

वैशाली पेला घेऊन उभी होती. पेला काठोकाठ भरला होता, आणि ती माझ्याकडे न पाहता त्या पाण्याकडे पाहत होती. सांडू नये म्हणून असेल... मी पेला घेतला. दोन घोटांत संपवला. तिने पुन्हा भरला, तोही संपवला. मग नाना झोक्यावरून तरुणासारखे उडी मारून उतरले आणि माजघराकडे तोंड करून गरजले, "अवं, ताट वाढा! याही जेवाले बसनात!" आतून याहीणबाईंचा आवाज आला, "कव्हयनं वाढेल शे! तुम्हीच गप्पा मारी राह्यनात!" ताट खरोखरच वाढून तयार होते. कळण्याची भाकरी, शेवभाजी, कांदा. मी तीन भाकरी खाल्ल्या. मी इतक्या खातो हे माझ्या मुलीला प्रथमच कळले.

संध्याकाळी नानांनी डबा आणला आणि तांब्याच्या फिरकीवर निवांतपणे फवारा मारला. "आते हाई पेवानं भांडं नही राह्यनं," ते म्हणाले. "आते चालस औषध." झाकण निघाले. माझे अमळनेरचे पाणी त्यांनी मोगऱ्याच्या कुंडीत ओतले. त्यानंतरच्या चार वर्षांत मी धुळ्याला वरचेवर गेलो. एरंडेल श्रेष्ठ की फवारा, हा वाद त्या झोक्यावर बसून आम्ही इतका लांबवला की एकदा माझी शेवटची बस चुकली आणि मी मुलीच्या घरी प्रथमच मुक्काम केला.

गेल्या आठवड्यात माझ्या घरची फळी आवरताना तांब्या हाती आला. चिंचेने घासला. झाकणाच्या कडेला, समोरासमोर, बारीक दातेरी खुणांच्या दोन रांगा दिसल्या. हाताने आवळलेल्या झाकणावर दात उमटत नाहीत. मी चष्मा लावून पुन्हा पाहिले. मग एकटाच, बराच वेळ, मोठ्याने हसलो.

रविवारी धुळ्याला गेलो. वैशाली भाकरी थापत होती.

"त्या दिवशी नानांनी झाकणाला पाना लावला होता," मी म्हणालो.

"हो."

"पिशवी नेली आणि लगेच तांब्या आणून ठेवला. एवढ्यात त्यांना पाना सापडला कुठे?"

"मी हातात घेऊनच उभी होते." तिचा थापणारा हात थांबला नाही. "सात वर्षं पेला भरून ठेवला, आबा. पान्याला अर्धं मिनिट लागलं."

मी ताटावर बसलो आणि पाणी मागितले.