चोरून धावणारा शेजारी

काळाचौकीच्या आमच्या चाळीतला हा मालवणी शेजारी गिरणीसंपाच्या काळात, सातव्या महिन्यातच जन्माला आला. आईने गादी उसवून त्याला तिच्या कापसात गुंडाळले आणि जगवले. आज त्याने चाळिशी ओलांडली, तरी तिच्या लेखी तो तसाच नाजूक आहे. जोरात चालायचे नाही, ही तिची आज्ञा अजून लागू आहे.

डॉक्टरांचे मत नेमके उलटे निघाले. रक्तदाब वाढू लागला तेव्हा ते म्हणाले, "अपुऱ्या दिवसांच्या माणसाच्या हृदयाला व्यायाम तर हवाच. दम लागेल इतके चाला, मग हळूहळू पळा." तेव्हापासून इतर पुरुष सिगारेट लपवतात तसा हा बूट लपवतो. ते माझ्या घरी असतात. रोज सकाळी तो आजाऱ्यासारखा कठडा धरून जिना उतरतो आणि कोपरा वळताच मैदानाकडे सुटतो. "दादा, आयेला बोललास तर मेलो," असे मला बजावतो. एका माउलीला रोज फसवण्यात माझाही हात आहे, याची मला लाज वाटते. बूट मात्र मी पुसून ठेवतो.

परवा मीही मैदानात असताना त्याची आई तिथेच येऊन उभी राहिली. मला वाटले, आता हा पायाला पाय लावून पळेल. तो थेट तिच्याकडेच धावत आला आणि तिचा हात उचलून त्याने आपल्या घामेजल्या छातीवर दाबून धरला.

"बघ आये, बंद पडलंय काय?"

म्हातारीने तळव्याखालचे ठोके मोजले. मग म्हणाली, "मेल्या, थांबलंस कित्याक? धाव. मी बघतंय."