बाटल्या स्वच्छ होत्या

सुमन गेल्याचं तिच्या मुलीनं फोनवर कळवलं, तेव्हा मला "कधी?" एवढंच विचारता आलं. त्याला आता काही आठवडे झाले. शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी तिच्या शिकवण्याबद्दल, तिच्या मोठ्यानं हसण्याबद्दल बोललो आणि खाली बसलो. जे बोलायला हवं होतं ते वर्षानुवर्षं टाळत आलो होतो, त्या दिवशीही टाळलं. आता लिहूनच टाकतो.

परळच्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघं एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. मी गिरगावचा, ती घोडपदेवच्या चाळीतली, वडील गिरणीत. मी तिला सीनियर, पण ती मला "काय रे गिरगावकर" अशीच हाक मारायची. "तुझं ना, आधी उत्तर ठरतं, मग प्रयोग," असंही म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो.

आमचं काम होतं पाण्याच्या अतिसूक्ष्म थेंबांवर. पेट्रोलसारख्या द्रवात साबणासारखा पदार्थ आणि किंचित पाणी मिसळलं की त्या पाण्याचे जेमतेम काही नॅनोमीटरचे थेंब होतात आणि साबणाचे रेणू त्यांच्याभोवती भिंतीसारखे उभे राहतात. त्या थेंबात आम्ही एक रंगद्रव्य सोडायचो. अतिनील दिव्याखाली त्याचा रेणू आपल्याजवळचा प्रोटॉन शेजारच्या पाण्याला देतो आणि हिरवा चमकतो. देता आला नाही तर निळा राहतो. एवढ्याशा कोंडलेल्या जागेत ही देवघेव कशी चालते, हा आमचा प्रश्न. रंगद्रव्य पाण्यात विरघळणारं, म्हणजे ते थेंबाच्या मधोमधच असणार, सगळा फरक पडतो तो थेंबाच्या आकारानं, असं मी माझ्या प्रबंधात ठासून मांडलं होतं.

सुमननं साबण बदलला. आमच्या नेहमीच्या साबणाची भिंत ऋणभारित होती आणि रंगद्रव्यही ऋणभारित. तिनं धनभारित भिंतीचा साबण घेतला. थेंब तेवढेच, रंगद्रव्य तेच, पण हिरवं जवळजवळ नाहीसं झालं. नुसतं निळं. "अरे, तो रेणू मध्ये नाहीचे," ती मला म्हणाली, "भिंतीला जाऊन चिकटलाय. तिथलं पाणी जखडलेलं, ते प्रोटॉन घेणार कसं? थेंब केवढा ते नंतर विचार, आधी हा बसलाय कुठे ते विचार."

शनिवारच्या बैठकीत तिनं हे मांडलं. सरांनी बाटल्या दिव्याखाली धरल्या आणि म्हणाले, "काचेला आम्ल राहिलंय, म्हणून प्रोटॉन सुटत नाहीये. बाटल्या नीट धुतलेल्या नाहीत." आमच्याकडे काच आधी आम्लात बुडवून मग धुवायची पद्धत होती आणि त्याची पाळी आठवड्यागणिक बदलायची.

"सर, याच लॉटमधल्या बाटल्यांत जुना साबण घातला की हिरवं दिसतंय," सुमन म्हणाली.

"मग तेवढ्याच नीट धुतल्या गेल्या असतील."

त्या आठवड्याची पाळी माझी होती. प्रत्येक बाटली मी धुतली होती, शेवटचं पाणी तपासलं होतं. बाटल्या स्वच्छ होत्या, हे त्या खोलीत छातीठोकपणे सांगू शकणारा मी एकटाच होतो. पण ते सांगितलं असतं तर माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण कोसळलं असतं. सुमन माझ्याकडे बघत राहिली... मी पेनाचं टोपण काढत-लावत बसलो.

बाहेर आल्यावर तिनं मला गाठलं. "मिठाची गुळणी धरली होतीस का रे?"

"सरांसमोर कोण बोलणार?"

"पाळी तुझी होती ना? मग तू बोलणार."

सरांनी तिला ते काम बंद करायला लावलं. वर्षभरात तिनं संशोधन सोडलं, ज्युनियर कॉलेजात शिकवू लागली. सर निवृत्त झाल्यावर मी तोच प्रयोग पुन्हा केला, स्वतःच्या हातानं धुतलेल्या बाटल्यांत. निळं. त्यावरचा शोधनिबंध माझ्या एकट्याच्या नावावर छापून आला. आभारातसुद्धा तिचं नाव नव्हतं. म्हणून आज स्पष्ट लिहितो... कल्पना सुमनची, पहिला प्रयोग सुमनचा, आणि तिचा निष्कर्ष बरोबर होता. ज्या नियतकालिकात निबंध आला त्यांनाही मी हे कळवलं आहे. ते काय करतील ते करोत, मी मागे हटणार नाही.

तिला शेवटचं भेटलो ते भोईवाड्यातल्या तिच्या घरी. निघतानाच वाक्य ठरवलं होतं, "सुमन, माझं चुकलं. बाटल्या मी धुतल्या होत्या." आजारानं ती पार खंगली होती, तरी बारावीच्या काही मुलांना समोर बसवून शिकवत होती. मला दारात बघताच म्हणाली, "या, गिरगावकर! मुलांनो, रेणू भिंतीला कसा चिकटतो ते सांगितलं ना मी, ते यांनी शोधून काढलं."

मुलं सावरून बसली. त्यातली एक मुलगी म्हणाली, "खरंच, सर? तुम्ही?"

सुमनही माझ्याकडे बघत होती. ती चेष्टा करत होती की मला संधी देत होती, हे मला अजून ठरवता येत नाही. ठरवलेलं वाक्य अगदी तोंडाशी होतं...

मी म्हणालो, "हो."