लालिमोच्या परसातला आवाज

लालिमो माझा धाकटा भाऊ. बाजारात लोक त्याच्याबद्दल काय बोलतात ते माझ्या कानावर आलंय, म्हणून लिहायला बसलो. मी चौथीपर्यंतच शिकलो. पण आमच्या घराबद्दल लिहायला चौथी पुरते. ज्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल त्यानं समोर येऊन सांगावं.

अख्ख्या सिदामाच्या डोंगरात आमच्यासारखी वेसेची बाग दाखवा. दुपारीसुद्धा आत अंधार असतो. वेसे दिसायला केळीसारखं, पण त्याच्या घडाकडं आम्ही बघत नाही. पाच-सहा वर्षं वाढवायचं, फुलायच्या आधी पाडायचं, खोडाची सोपटं तिरक्या फळीवर खरवडून गर काढायचा आणि पानांत गुंडाळून खड्ड्यात आंबवायचा. त्याचा वासा होतो. वासा भाजला, वर लोणी घातलं, की ते जेवण. मक्यानं नुसतं पोट भरतं.

लावणं, खणणं, पाडणं पुरुषांचं. खरवडणं बायकांचं. तिथं पुरुषानं नजरसुद्धा टाकायची नाही. वाटेनं जाताना खरवडण्याचा आवाज आला की तोंड फिरवून खोकत पुढं जायचं. मी साठी ओलांडली, बाराशे झाडं ह्या हातांनी लावली, पण खरवडताना बायका कशा बसतात ते मी कधी पाहिलं नाही. हे मी मान वर करून सांगतो.

लालिमो माझ्यासारखा नाही. मी चढावर बोललो तर खालच्या ओढ्यावर ऐकू जातं. तो शेजारी उभा राहून बोलला तरी "काय?" म्हणावं लागतं. त्याच्या वाटचं बोलायची ती दुकाले, त्याची बायको. दोन वर्षं झाली तिला जाऊन. पोरी लग्न होऊन लांब गेल्या. तेव्हापासून हा पहाटे उठतो, गाय पिळतो, गोठा झाडतो, शेणाची पाटी उचलून वेसेच्या बुंध्याशी ओततो. तेही बायकांचंच काम, म्हणून उजाडायच्या आत उरकतो. मग दिवसभर खणतो. संध्याकाळी मका उकडतो आणि दाराकडं पाठ करून खातो.

आमच्यात कॉफी एकट्यानं पीत नाहीत. उकळली की दारातून शेजाऱ्यांना हाक मारायची. दुकालेची हाक माझ्या घरापर्यंत यायची. ती गेल्यावर त्या दारातून हाक आली नाही. कॉफीची फळं लाल होऊन गळली, ह्यानं एक दाणा भाजला नाही.

मीच त्याच्यासाठी बाई बघितली. पलीकडच्या डोंगरावरची विधवा, कामाला वाघीण.

"नको, दादा," तो म्हणाला.

"मग वासा कोण करणार?"

"बघू."

"बघू काय बघू! घरात बाई नाही, तर खरवडायला बायकांना बोलावणार कोण? तू?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "वहिनीनं बोलावलं तर येतील."

माझं डोकं फिरलं. "गनामे माझी बायको आहे, तुझ्या दारची मोलकरीण नाही. लग्न कर, मग येईल!"

घरी येऊन मी गनामेलाही बजावलं, तिकडं जायचं नाही. तिनं चुलीतलं लाकूड जरा जोरातच आत सारलं. "मागच्या रांगेतलं मोठं वेसे वर्षाच्या आत फुलेल त्याचं. दुकालेनं शेण घालून वाढवलेलं."

"फुलू दे. तेव्हा येईल माझ्या दारात."

वेसे फुललं की गर जातो, झाड उभ्या उभ्या वाया. आणि ते फूल लांबून दिसतं. येणारा-जाणारा समजतो, ह्या घरात खरवडायला कुणी उरलं नाही. लालिमोची सगळ्यांसमोर तेवढी शोभा व्हायची बाकी होती. मला वाटलं, तेवढ्यानं तो वाकेल. आठ महिने गेले. तो वाकला नाही. मीही कुंपण ओलांडलं नाही.

मग एका सकाळी बांबू तोडायला निघालो, तर त्याच्या परसातून आवाज. खर्र... खर्र...

मी जागीच थांबलो. बाई! गुपचूप बाई आणली पठ्ठ्यानं, मला न सांगता! आधी राग आला. मग इतका आनंद झाला, की बांबू तोडायचं सोडून मी गिरणीवर गेलो.

"माझ्या भावानं बायको आणली," मी सगळ्यांना ऐकवलं. "आल्या आल्या खरवडायला बसली. आमच्या घरात येणारी अशीच असते!"

घरून लोण्यानं भरलेला वाळका भोपळा घेतला आणि लालिमोच्या कुंपणाशी गेलो. परसाकडं पाठ केली, तीनदा खोकलो.

"बाई, मी थोरला, हामेसो. मला सगळे ओळखतात, तूही ऐकलं असशील."

खरवडणं थांबलं. मला बरंच वाटलं. आमच्याकडं चांगल्या वळणाची सून थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नाही, त्याच्या नावासारखा शब्दसुद्धा उच्चारत नाही.

"लोणी आणलंय. घर बारकं आहे, पण घराणं बारकं नाही. आणि हा जो आहे ना लालिमो, तो बोलत नाही, पण त्याच्या मनाला सगळं लागतं. मका खाऊन वाळलाय. आठ महिने मी इकडं फिरकलो नाही. म्हटलं, तो येईल. रोज त्याच्या छपराचा धूर निघतो का एवढं बघायचो. हे त्याला सांगू नको. फक्त सकाळची कॉफी करत जा. हाक मार. मी येईन."

मग मागून आवाज आला.

"दादा, मीच आहे."

मी वळलो नाही. मान वळत होती, पण मी वळलो नाही. हातातला भोपळा तेवढा जड झाला.

"एकटाच?"

"एकटाच. तिचं झाड फुललं असतं."

तेवढ्यात वाटेवर बोलणं ऐकू आलं. गिरणीवरचे दोघं नवी सून आली म्हणून अभिनंदन करायला येत होते. माझ्याच तोंडामुळं. आणखी दहा पावलं, आणि माझा भाऊ गुडघ्यापर्यंत लुंगी खोचून बायकांच्या फळीसमोर बसलेला त्यांना दिसला असता. मग त्याला ह्या गावात मान वर करता आली नसती.

मी वाटेत आडवा उभा राहिलो. "थांबा! आत बायका खरवडताहेत. लाज आहे का?" मागं खरवडणं पुन्हा सुरू झालं.

"पण आवाज तर एकीचाच येतोय, हामेसो."

"माझ्या घरच्या बायका एका तालात खरवडतात! तुमच्याकडं कुठला ताल असायला!"

दोघांनी तोंडं फिरवली आणि खोकत परत गेले.

मागं आवाज चालूच होता. खर्र... थांबायचं. खर्र...

"दादा, बायका एक पाय फळीवर कसा धरून ठेवतात? माझा घसरतो."

"मला काय विचारतोस! मी कधी बघितलंय का?" मग मी म्हणालो, "गनामेला पाठवतो. बायका घेऊन येईल."

"बाकीच्या झाडांना पाठव," तो म्हणाला. "हे मी करतो."

ऊन उतरेपर्यंत मी तिथं पाठ करून उभा राहिलो. कुणी आलं की खोकायचो.

महिन्यानं तो वासा निघाला. धाग्याचा, आंबट, मध्ये कडक. मी अख्खा तुकडा खाल्ला.

आता गनामे बायका घेऊन जाते, खड्डा भरलेला असतो. पण त्या दिवशीच्या चिकानं लालिमोचे हात काळे पडले होते. ते कुणीतरी बाजारात पाहिलं आणि तोंडं सुरू झाली. तर ऐका. हो, बायको कुणी आणली नव्हती, माझ्या भावानंच खरवडलं. एकच झाड. मी तिथं उभा होतो. ज्याला हसायचं आहे त्यानं माझ्यासमोर हसावं.

तो अजून एकटाच राहतो. सकाळी मी कुंपणाशी थोडा वेळ उभा राहतो, सवयीनं पाठ करूनच. कॉफीची हाक अजून आलेली नाही. त्याचा आवाज बारीक आहे, पण मारली तर मला ऐकू येईल. ह्या वयातसुद्धा माझ्याएवढे तिखट कान गावात कुणाचे नाहीत.