करवंदांच्या बदल्यात मीठ

कशेळ्याच्या बाजारात माझ्या शेजारी बसणाऱ्या सुक्या मासळीवाल्याने मला फसवले, आणि तेही मालात नव्हे. काल शिळफाट्यावर करवंदांचा आंबटगोड वास आला आणि पुन्हा डोके भणाणले. मी तेव्हा मीठ विकायचो. डोंगरावरच्या वाडीतली ठाकर आदिवासींची एक तरुण मुलगी उन्हाळ्यात दर बाजाराला करवंदे आणायची आणि बदल्यात मीठ न्यायची. “मीठ वलं हाय, आजून एक मूठ टाक,” ती म्हणायची. “तुजी करवंदं तरी कुठं पिकलीत गं?” मी डाफरायचो. मग ती एक करवंद तोंडात टाकून जांभळी जीभ दाखवायची, आणि कुणाला चिमूटभर जास्त न देणारा मी दोन मुठी टाकायचो. तिला लग्नाचे विचारायचे ठरवले आणि तापाने माझा एक बाजार चुकला. त्यानंतर ती आलीच नाही. पावसाळा सरल्यावर वाडी चढून गेलो, तर ती लग्न होऊन घाटावर गेलेली. पुढे कितीतरी वर्षांनी तो मासळीवाला पंगतीत हसत म्हणाला, “तुजं लगीन झालं म्हणून मीच तिला सांगितलं रं. मस्करी केली.” मस्करी? मग तो उरलेला उन्हाळा मी डोंगराच्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो, तेव्हा हातभर अंतरावर बसून तू गप्प का राहिलास? तू अजून जिवंत आहेस. उत्तर दे.