पटावरचं विसावं मूल

आमच्या बालवाडीत शिकवणाऱ्या चौघीजणी. त्यांतली सगळ्यात नवी आणि वयाने लहान, तिला सगळे धाकटी म्हणतात. मुख्याध्यापिका त्या मोठ्या बाई. आणि मी ऑफिसातली कारकून. प्रवेश, दाखले, हजेरीचा पट, सगळं माझ्या टेबलावरून जातं. एकवीस वर्षांत माझ्या पटात एक नाव इकडचं तिकडे झालं नाही, हे मी येईल त्याला ऐकवत असे. आता ऐकवत नाही.

धाकटी मुलाखतीला आली ती कडेवर पोर घेऊनच. ठेवायला कोणी नव्हतं. नवरा सोडून गेला त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तो विषय काढलेला तिला आवडत नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. मोठ्या बाई प्रश्न विचारत होत्या आणि ती उत्तरं देता देता एका हाताने पोरीच्या बुटाची नाडी बांधत होती. बाहेर आल्यावर मोठ्या बाई मला म्हणाल्या, "हिला घ्या. हिला दोन कामं एकदम करता येतात." पोरगी अगदी एवढीशी, म्हणून तिचं नाव पडलं टिंबू.

धाकटी शिकवायची मात्र झकास. एका जुन्या मोज्याला दोन बटणं शिवून तिने डोळे केले, तो हातात चढवला की तो मोजेमामा. जी मुलं आईबापांसमोर तोंड उघडत नाहीत ती मोजेमामाला घरातली सगळी बित्तंबातमी देतात. कोणाचे बाबा घोरतात, कोणाची आजी कवळी कुठे ठेवते, सगळं. आणि आवाज तर असा गोड, की ऐकताना मला स्वतःला परत चार वर्षांचं व्हावंसं वाटे.

मग एका रविवारी शाळेच्या छताचा भलामोठा तुकडा खाली आला. सुट्टी होती म्हणून कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण दुरुस्ती होईपर्यंत वर्गांना कुलूप लागलं, चालू राहिलं ते फक्त ऑफिस. वर्ग घरून, फोनवर आणि लॅपटॉपवर सुरू झाले. एका जागी बूड न टेकणाऱ्या चार वर्षांच्या पोरांना चौकोनात बसवायचं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच ठाऊक. मोठ्या बाईंनी बजावून टाकलं, "महिनाअखेरीस ज्या वर्गात वीस मुलं भरणार नाहीत तो वर्ग बंद. मुलं दुसरीकडे वाटून देऊ." सगळ्यात नव्या बाईची नोकरी त्यात जाणार हे न बोलता कळत होतं. धाकटीच्या पटावर मुलं होती बरोबर वीस. त्या एका पगारावर तिचं आणि टिंबूचं घर चालत होतं.

खडू आणि रंगीत कागदांची पाकिटं घरोघर पोचवायला मीच जायचे, म्हणून तिचं घर मी आतून पाहिलं आहे. दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीवर हिरवी चादर लावलेली, कॅमेऱ्यात तेवढीच दिसे. कॅमेऱ्याच्या मागे वाळत घातलेले कपडे, न घासलेली भांडी, इस्त्रीचं टेबल. शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येतो म्हणून तिच्या कानाला कायम हेडफोन. मागच्या खोलीत एक पलंग आणि एक लाकडी कपाट. दोन खोल्यांमधली भिंत नावालाच भिंत. दारावर तिने कागदाचं घड्याळ चिकटवलं होतं, नऊ ते अकराचा भाग लाल रंगवून.

"हे काय गं?" मी विचारलं.

"लाल वेळात टिंबूने बाहेर यायचं नाही, ताई. काय करू? पहिल्या आठवड्यात ती दर पाच मिनिटांनी येऊन माझ्या मांडीवर चढायची. एका पालकाने तक्रार केली. मी तिला सांगितलंय, नऊ ते अकरा मी तुझी आई नाही. तेवढा वेळ मी बाई."

"आणि पोर ऐकते?"

"आधी ओरडावं लागलं. खूप ओरडले मी. आता ऐकते. आवाजसुद्धा येत नाही तिचा." हे सांगताना तिला जरा अभिमानच वाटत होता. टिंबूजवळ बिस्किटं, पाण्याची बाटली आणि धाकटीचा जुना फोन ठेवलेला असे, चित्रं बघायला. टिंबू शाळेत होती, पण दुपारच्या दुसऱ्या वर्गात. आपलं मूल आपल्या वर्गात घ्यायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. त्या दुपारच्या वर्गात टिंबू तोंडातून अवाक्षर काढत नाही, असं तिथल्या बाई सांगायच्या.

आता माझी चूक. धाकटीच्या वर्गातलं विसावं मूल म्हणजे एक नवा मुलगा, प्रवेश झाला आणि तो एकदाही वर्गात येण्याआधी, आठच दिवसांत त्याच्या वडिलांची बदली झाली. नाव कमी करा, असा त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. नेमकं दुसऱ्याच दिवशी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. उद्या करू म्हणून मी तो अर्ज ट्रेखाली सरकवला आणि तीन आठवडे रजेवर गेले. कोणाला सांगितलं नाही, कारण मी पुरती विसरले होते.

रजेवरून आले, ट्रे उचलला, अर्ज दिसला. पट उघडला तर त्या मुलापुढे रोज हजर. पंधरा दिवस ओळीने हजर! वीस आकडा टिकवायला धाकटीने खोटी हजेरी लावली, असं माझ्या मनात आलं. वाईट वाटलं आणि रागही आला. साडेआठला तिला फोन लावला.

"तो नवा मुलगा शाळा सोडून गेलाय. तीन आठवडे झाले."

"कोण, पाहुणा?" ती हसली. "काहीतरी घोटाळा होतोय ताई. कालच तर त्याने मला विचारलं की गोगलगाईला एकटं वाटतं का."

मग तिने सांगितलं. साधारण तीन आठवड्यांपूर्वी वर्गात एक नवा चौकोन आला. कॅमेरा बंद, नाव टाकलेलं नाही, म्हणून खाली नुसतं 'पाहुणा'. तू नवीन आलास ना, असं मोजेमामाने विचारलं तेव्हा कुजबुजत हो म्हणाला. बोलणं सगळं कुजबुजतच. पण सगळ्यांत हुशार, सगळ्यांत गोड मूल. घरचा फोन लागत नव्हता. तिने मनाशी ठरवून टाकलं, हाच तो विसावा.

"त्याच्या आईचा नंबर मिळवून द्या म्हणून मी निरोप ठेवला होता तुमच्यासाठी," ती म्हणाली. "दोन तास पोराला एकटं टाकते हो ती बाई! बोललास तर मार मिळेल असं सांगितल्यासारखं बोलतं ते लेकरू. मला चांगलं झापायचंय तिला."

"अगं, पण तो मुलगा तिथे नाहीच. मग हा कोण आहे?"

मग आम्हा दोघींच्याही लक्षात आलं. तीन आठवडे, रोज दोन तास, कॅमेरा बंद करून कोणीतरी आमची एकोणीस लहान मुलं बघत होतं. त्यांची नावं ऐकत होतं, घरं बघत होतं. लहान मुलाचा आवाज काय, कोणीही काढू शकतो. मी तडक मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "त्याला बाहेर काढू नका," त्या म्हणाल्या, "पळून जाईल. येऊ दे. तिला म्हणावं बोलतं कर. आपण दोघी बसू वर्गात. पोलिसांचा नंबर काढून ठेवा."

नऊ वाजता आम्ही दोघी ऑफिसच्या कॉम्प्युटरसमोर बसलो, कॅमेरा बंद करून. मी पोलिसांचा नंबर लिहिलेला कागद हातात धरला होता. एकेक चौकोन उघडत गेला. कोणी दूध पितंय, कोणी उलटं पडलंय. नऊ वाजून चार मिनिटांनी आला पाहुणा. काळा चौकोन.

धाकटीने मोजेमामा हातात चढवला. "पाहुणोबा," मोजेमामा म्हणाला, "आज सकाळी काय केलंस?"

"दूध प्यायले," काळ्या चौकोनातून कुजबुज आली. "थोडं सांडलं. मी माझ्या फ्रॉकने पुसलं. आईला कळलं नाही."

फ्रॉक. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. धाकटीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तिला वाटलं असावं की हेडफोनमध्ये काही चुकतंय, कारण तिने तो कानावरून काढून गळ्यात टाकला आणि आवाज खोलीत मोकळा सोडला. त्याबरोबर अशी कर्कश शिट्टी सुरू झाली की मुलांनी कानांवर हात ठेवले. दोन फोन जवळजवळ आले की वाजते तशी शिट्टी. तिने घाईने आवाज कमी केला.

"पाहुण्या," आता तिचा स्वतःचाच आवाज, मोजेमामाचा नाही, "तू कुठे आहेस?"

"कपाटात."

ते आम्हाला दोनदा ऐकू आलं. एकदा काळ्या चौकोनातून, आणि एकदा धाकटीच्या चौकोनातून, त्या मधल्या भिंतीपलीकडून.

ती उठली तशी खुर्ची पडली. पडद्यावर नुसती हिरवी चादर उरली. मग पाहुण्याच्या चौकोनातून कपाटाचं दार करकरल्याचा आवाज आला, कपड्यांची सळसळ झाली, आणि धाकटीने एकच हाक मारली, "टिंबू!"

"बाई, वर्ग चालू आहे ना?" टिंबू अजून कुजबुजतच होती. "मी आवाज नाही केला. मला काढू नका, बाई."

पोर स्वतःच्या आईला बाई म्हणत होती, काढू नका म्हणत होती. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, परत घातला, परत काढला. इकडे मुलांना मात्र उकळ्या फुटल्या. "बाई पाहुण्याकडे गेल्या!" एकजण ओरडला. "बाई, आता आमच्याकडे पण या!" एकोणीस पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. शेवटी मोठ्या बाईंनीच कॅमेरा चालू केला आणि तासभर त्यांना गाणी म्हणायला लावली. बेसूर, पण म्हटली.

त्या जुन्या फोनवर शाळेचा पालकांचा ग्रुप तसाच होता. वर्गाची लिंक रोज तीच. टिंबूने एकदा बोट लावलं आणि तिला बाई भेटल्या.

अकरानंतर मोठ्या बाईंनी पट मागितला. "मुलगा गेल्याचं तुम्ही तिला कधी कळवलंत?"

कळवलं होतं, असं म्हणायला मला काहीच लागलं नसतं. माझी एकवीस वर्षं वाचली असती आणि धाकटी खोट्या हजेरीसाठी घरी गेली असती. खोटं कशाला बोलू, क्षणभर ते माझ्या जिभेवर आलं होतं. "कळवलंच नाही," मी म्हटलं. "अर्ज माझ्या ट्रेखाली होता." त्यांनी मला चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले.

मग त्यांनी पट स्वतःकडे ओढला आणि ती ओळ बोट लावून वाचली. "हजेरी खोटी नाही," शेवटी म्हणाल्या. "मूल रोज हजर होतं. आपलं मूल आपल्या वर्गात नको, हा नियम कोणी केला हो?"

"तुम्हीच."

"तो खोडा. विसावं नाव टिंबूचं घाला. आणि धाकटीला सांगा, वर्ग राहिला. पोरीला शेजारी घेऊन बस म्हणावं."

मला इतका आनंद झाला की मी जिना उतरता उतरताच फोन लावला. धाकटी रडून घसा बसलेली. सगळं सांगितलं. ती "हो ताई, हो ताई," एवढंच म्हणत होती. "त्या मुलाच्या आईला झापायचं होतं मला," मधेच म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, ते राहू दे, आधी लेकीला सांग, उद्यापासून आईजवळ बसायचं. तिने फोन बाजूला धरला. मला दोघींचंही ऐकू येत होतं.

"टिंबू, उद्यापासून तू माझ्या शेजारी बसायचं. वर्गात. खरंखरं."

"आणि बाई?"

"बाई म्हणजे मीच ना गं राणी. मीच बाई."

आता टिंबू कुजबुजत नव्हती, स्वच्छ मोठ्याने बोलली.

"नाही. बाई वेगळ्या आहेत. त्या ओरडत नाहीत. मी कपाटातच बसते."