जीवराम नानांची बिनमातीची शेती

माझे सासरे जीवराम नाना यावलकडचे केळीवाले. नुसते केळीवाले म्हटलं तर त्यांना राग यायचा. घडाच्या शिरा किती भरल्या ते लांबूनच बघून ते कापणीचा दिवस सांगायचे आणि आजूबाजूच्या चार गावांतली माणसं त्यांचं ऐकायची. गाडीवर घड भरताना एकदा पाय घसरून ते खाली आले आणि खुबा मोडला. जळगावच्या डॉक्टरांनी आपरेशन केलं आणि हात झटकून सांगितलं, आता काठी घेऊन संडासापर्यंत गेले तरी खूप समजा. तेव्हापासून ते आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे माझा नवरा छगन, मी, आणि जळगावातल्या माडीवरच्या भाड्याच्या दोन खोल्या. दोन खोल्यांच्या मध्ये दार नाही, पडदा.

गावातली बाग नानांचे धाकटे भाऊ कौतिककाका बघायचे. बाग दोघांची, सातबाऱ्यावर नावं दोघांची. कौतिककाका भला माणूस. दर रविवारी एसटीनं केळी घेऊन यायचे, कधी दोन फण्या, कधी अर्धा घड. नाना अधाशासारखं विचारायचे, "बुडाची पिलं काढली का रे? पानी किती दिवसांनी देतो? पानावर करपा त नाही ना?" आणि काका दर वेळी एकच उत्तर द्यायचे, "तुमी आता आराम करा भाऊ. वावराचं मी पाह्यतो."

हे ऐकलं की नानांचा चेहरा पडायचा. काका गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि मी ताट पुढे सरकवलं की म्हणायचे, "मले काय जेवन पाह्यजे लता? कौतिक मले आता काहीच इचारत नाही." त्यांचं दुखणं खुब्यात नव्हतं, ते या वाक्यात होतं. भावानं शेतीतलं एक तरी विचारावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते मिळत नव्हतं, म्हणून माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता.

छगन एसटीत कंडक्टर, जळगाव-धुळे गाडीवर. एकोणनव्वदच्या दसऱ्यानंतर धुळ्याला कृषी प्रदर्शन भरलं होतं, तिथून तो एक पत्रक घेऊन आला. माती न घालता पाण्यात झाडं वाढवायची, घरातल्या घरात. नानांनी ते तीनदा वाचायला लावलं आणि उठून बसले. कितीतरी दिवसांनी आपण होऊन उठून बसले.

मी म्हटलं, त्यापेक्षा चार कुंड्या आणू. पण खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण पुष्पाबाई होत्या, माहेर धुळ्याकडचं आणि जीभ कात्रीची. कुंडीचं नाव काढताच त्या जिन्यात उभ्या राहून ओरडल्या, "आते मोरीमा माती उनी ते बठ्ठासले घरबाहेर काढसु!" मोरीत माती आली तर सगळ्यांना घराबाहेर काढीन, असं. मागच्या भाडेकरूच्या तुळशीनं त्यांची मोरी तुंबवली होती म्हणे. म्हणजे आम्हाला बिनमातीचीच शेती करणं भाग होतं.

सामान म्हणाल तर सगळं भंगार. रंगाच्या तीन रिकाम्या बादल्या छगननं कुठूनशा मागून आणल्या. झाकणाला मधोमध भोक पाडलं, त्यात नारळाच्या शेंड्या खोचून टोमॅटोची रोपं उभी केली, मुळं खाली पाण्यात. पाण्यात हवा खेळती राहिली पाहिजे, नाहीतर मुळं कुजतात असं पत्रकात होतं. त्यासाठी यंत्र असतं, ते आम्ही कुठून आणणार? नानांच्या आपरेशनच्या वेळची सलाईनची नळी मी धुऊन ठेवली होती. ती छगननं सायकलच्या पंपाला जोडली. आता पंप मारायचा कोणी? नाना बसल्या जागी दोन दट्टे मारले की दमायचे. छगन गाडीवर. म्हणजे लताबाई! सकाळी स्वयंपाकाआधी, दुपारी भांडी झाल्यावर, संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी मी बादलीशी फतकल मारून पंप मारायची आणि पाण्यातून बुडबुडे यायचे. शेजारच्या बायका जिन्यातून डोकावून विचारायच्या, "वो लताबाई, बादली पंक्चर झाली का?"

पहिली तिन्ही रोपं आठवड्यात करपली. का? तर पत्रकात लिहिलं होतं चिमूटभर खत आणि नानांनी टाकलं मूठभर. केळीच्या बुडाशी आयुष्यभर मुठीनं खत टाकलेला माणूस! म्हणतात कसे, "चिमूटभर खत त देवाच्या अंगाऱ्यासारखं झालं. त्यानं काय व्हतं?" मी म्हटलं, "नाना, हे केळीचं खोड नाही, लेकरू आहे." दुसऱ्या खेपेला पाणी हिरवं झालं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या. मग मी माझ्या जुन्या काळ्या परकराची खोळ शिवून बादल्यांना घातली, उजेड बंद केला. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही मी हंड्यानं माडीवर चढवणार, आणि त्यातलं अर्धं या तीन बादल्यांच्या घशात. वैताग वैताग म्हणतात तो हाच. रात्री छगनला म्हटलं, "तुमच्या वडलांची शेती आणि बैल मात्र मी!"

पण तिसऱ्या खेपेची रोपं लागली. खिडकी पूर्वेची, ऊन छान यायचं. कमरेइतकी वाढली, सुतळीनं वर बांधली. नाना खाटेवरून काठीच्या टोकानं फांदी हलकेच हलवायचे, कारण घरात वारं नाही, माशी नाही, मग फूल फळायचं कसं? पिवळी फुलं आली. नानांनी तर बादल्या आल्या त्याच दिवशी माझ्याकडून वचन घेतलं होतं. "कौतिकले एक शब्द सांगू नको. फय हातात ठेवीन अन मंगच सांगीन. मंग पाहू, इचारतो का नाही." फय म्हणजे फळ, आमच्या गावाकडे ळ चा य होतो. काका यायचे तेव्हा बादल्यांवर, झाडांवर जुनी साडी टाकायची. काकांना वाटायचं मी वाळत घातली आहे.

आणि फुलं गळायला लागली.

एक-दोन नाही, सगळी. सकाळी झाडावर दिसायची आणि संध्याकाळी खाली पडलेली असायची. पानंही अशी खाली माना टाकायची की जणू पाणीच नाही, आणि बादली तर काठोकाठ. पुन्हा कळ्या, पुन्हा फुलं, पुन्हा सडा. आम्ही काय नाही केलं! खत कमी केलं, खत वाढवलं. मेडिकलमधून जुलाबाचं मीठ आणून टाकलं, कारण पत्रकात होतं. मी पंप मारून मारून खांद्याला तेल चोळत होते. नाना मला म्हणायचे, "तू दुपारी पंप मारत नसशील." मी एवढी चिडले! एका दुपारी मी पंप त्यांच्या खाटेवर फेकला आणि म्हटलं, "मग तुम्हीच मारा!" नंतर पडद्याआड जाऊन रडलेही. मला वाईट त्यांच्या बोलण्याचं वाटलं नव्हतं. फुलं गळाली की तो माणूस पुन्हा भिंतीकडे वळायचा, ते बघवत नव्हतं.

जानेवारीत गावाकडे काकांच्या साडूकडे लग्न निघालं, म्हणून दोन रविवार ते आले नाहीत. घरातली केळी संपली. आणि त्याच दिवसांत फुलं टिकली! फुलाच्या मागे हिरवी गोटी धरली. तिसऱ्या रविवारी काका आले, अर्धा घड नेहमीसारखा नानांच्या खाटेखाली गोणपाटात झाकून ठेवला, थंडीत लवकर पिकावा म्हणून खिडकी लावली. बुधवारी माझ्या लक्षात आलं की पानांनी पुन्हा माना टाकल्या आहेत.

मी छगनला धुळ्याला पिटाळलं, जा, तिथल्या शेतकी कॉलेजातल्या कोणाला तरी विचारून या. तिथल्या एका सरांनी सांगितलं की पिकणाऱ्या केळीतून एक वायू सुटतो, त्याला ना रंग, ना धूर. बंद खोलीत टोमॅटोला तो लागला की फूल गळतं. सरांनी म्हणे पहिलंच विचारलं, घरात फळं पिकवता का? आता यावलच्या माणसाला हे विचारायचं! आमच्याकडे केळ्याशिवाय घर असतं का? सगळ्या जगावर संशय घेतला, पण त्या केळ्यावर कोणाचा गेला नाही.

मग केळी ठेवायची कुठे? पडद्यापलीकडे स्वयंपाकघरात ठेवून पाहिली, तरी तेच. गच्चीवर थंडीनं ती पिकेनात, काळी पडली. पुष्पाबाईंकडे ठेवू म्हटलं तर नाना भडकले, "आपल्या बागाचं केयं लोकाच्या घरी पिकाले घालू?" त्यात आमच्याकडची रीत अशी की आधीच्या फणीतलं पहिलं केळं देवाला, दुसरं आणणाऱ्याला. काका आले की नाना-काका एकेक केळं सोलायचे आणि मगच चहा. केळी देऊन टाकली तर ते होणार कसं?

दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "लता, कौतिकले सांग, महिनाभर केयं आनू नको."

"कारण काय सांगू?"

"कारन सांगू नको. फय झाल्यावर मी सांगीन."

मी सांगितलं. आपल्याच बागेचं फळ आपल्या घरी नको म्हणायचं, कारणही द्यायचं नाही. मी तर नुसता निरोप दिला, पण माझं मला कळत होतं की हे वाईट दिसतंय. काकांनी हातातली पिशवी तशीच परत उचलली. "बरं," एवढंच म्हणाले. चहाही घेतला नाही. त्यानंतर ते आलेच नाहीत.

फळं मात्र आली. तीन टोमॅटो धरले, त्यातला एक लालभडक झाला. नाना रोज दाराकडे बघायचे. मी म्हटलं कार्ड टाकते. तर म्हणे, "नको. यीन तो."

आले काका, पण एकटे नाही. बरोबर गावचे वना पाटील, सगळ्यांच्या भांडणात मध्यस्थी करणारे. काका खाटेवर बसले नाहीत, उंबऱ्याशी स्टुलावर बसले. वना पाटलांनी घसा खाकरला. "जीवरामभाऊ, कौतिक म्हनतो, वाटनी करून टाकू. तुमचा हिस्सा तुमी ज्याले द्यायचा त्याले वावर कसाले द्या."

नाना बघतच राहिले.

काका खाली बघत म्हणाले, "भाऊले माह्या हातचं केयं नको झालं. बाग वेगयी पाह्यजे व्हती त सरय सांगाचं ना. सुनेच्या तोंडून काहून सांगतलं?"

माझ्यानं राहवेना. थोरांच्या बैठकीत सुनेनं बोलू नये, ठाऊक आहे मला. मी पुढे झाले, झाडांवरची साडी ओढून काढली आणि सगळं सांगून टाकलं. बादल्या, पंप, गळालेली फुलं, धुळ्याचे सर, सगळं. शेवटी आवाज इतका चढला की पुष्पाबाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

वना पाटील हसले. "केयाच्या वासानं फूल गयते? आमची जिंदगी केयात गेली बाप्पा."

काका हसले नाहीत. ते उठून झाडाशी आले. पान उलटं करून पाहिलं. झाकण उचलून मुळं बघितली. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मग नानांकडे न बघताच विचारलं, "भाऊ, युरिया किती टाकता?"

"चिमूटभर," नाना म्हणाले.

"अन पोटॅश?"

नानांनी सांगितलं. काकांनी तो लाल टोमॅटो तोडला नाही, नुसता तळहातावर तोलला. मग एकदम खाटेच्या कडेला बसले. "भाऊ, आपल्या खालच्या तुकड्यात पानं पिवयी पडू राह्यली. काठाकडून. दोन महिने झाले. तुमचं दुखनं पाहून मी काही सांगतलं नाही."

"दोन महिने?" नाना ओरडले. "दोन महिने पानं पिवयी पडू राह्यली अन मले आता सांगतो? गाढवा!"

वर्षभरात त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. काका शिव्या खात होते आणि मान हलवत होते. खोडाला भोक दिसतं का, पाणी साचतं का, कोणत्या ओळीपासून सुरू झालं, प्रश्नांवर प्रश्न. वाटणीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. वना पाटील तीन कप चहा प्यायले.

निघताना काका दारात थबकले. "मंग भाऊ, केयं आनू का नको?"

मी नानांकडे पाहिलं. झाडांवर कळ्यांचे नवे झुपके आले होते, दोन टोमॅटो अजून हिरवे होते.

"आन," नाना म्हणाले. "त्या खालच्या तुकड्यातलंच आन. अख्खा घड आन, पानासकट. मले पाहू दे."

रविवारी अख्खा घड आला. नानांनी तो खाटेवरच ठेवून घेतला, एकेक फणी उलटीसुलटी करून बघितली, देठ चिरून हुंगला, आणि काका समोर बसून नाना सांगतील ते ऐकत होते. खिडकी लावलेलीच होती. बुधवारपर्यंत कळ्या न् फुलं सगळी खाली आली. मी सुपलीनं ती गोळा करत विचारलं, "नाना, पंप मारू का?"

"राहू दे आता," घडावरची नजर न काढता ते म्हणाले.

मला सासऱ्यांसाठी बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण ती झाडं त्यांच्यापेक्षा मीच वाढवली होती, आणि मला त्या झाडांचं फार वाईट वाटलं.